सव्वा सेकंदाची तफावत

जुन्या व्हिडिओ कॅसेटची फाईल करून द्यायला दोन दिवस लागतात, असं दुकानात सांगितलं होतं. प्रत्यक्षात बत्तीस दिवस लागले. त्यातले चार दिवस दुकानाचे आणि उरलेले अठ्ठावीस माझे. हे मी सुरुवातीलाच मान्य करून टाकतो, कारण चौतीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो आणि दुसऱ्याच्या पारड्यात आपली चूक टाकणारे दुकानदार मी पुष्कळ पकडले आहेत.

सुरुवात मुलीच्या फोनने झाली. ही गेली त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मुलगी इकडचं तिकडचं बोलली, माझ्या गोळ्यांची चौकशी केली आणि मग म्हणाली, "बाबा, मला आईचा आवाज आठवत नाहीये. चेहरा आठवतो, साडी आठवते, पण आवाज येतच नाही. तुम्हाला येतो?"

"मला अगदी स्पष्ट येतो," मी म्हणालो. "आणि घाबरतेस कशाला? घरात अकरा कॅसेटी आहेत. फाईल करून ठेवतो. महिन्याने येशील तेव्हा ऐक."

"त्याच्या आधी पाठवा ना."

"तपासल्याशिवाय माल बाहेर जाणार नाही," मी म्हणालो. ही नोकरीतली सवय आहे. जात नाही.

अकरा कॅसेटी पाहून झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. ज्या घरात सकाळी सहापासून हिचाच आवाज असायचा, त्या घराच्या अकरा कॅसेटींत ही गप्प होती. कॅमेरा माझ्या हातात असायचा आणि कॅमेरा दिसला की ही दुसऱ्या खोलीत जायची. मुलीचं पळणं, मुलीचं पडणं, मुलीच्या शाळेची बस, माझ्या स्कूटरची चारही बाजूंनी पाहणी, असं सगळं होतं. हिचा फक्त पदर, कोपर आणि एकदा पाठ. शेवटच्या कॅसेटच्या शेवटी मात्र ही सापडली. स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर बसून मुलीचा स्वेटर विणते आहे. मेहुणी तेव्हा आमच्याकडे आली होती, ती आत मिक्सर चालवते आहे. हिचे ओठ हलतात. आणि आवाज येतो, "अहो…" मग मिक्सरची घरघर, मग, "पुरे झालं आता, बॅटरी संपेल!"

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. 'अहो' म्हणून हाक मारणारं माणूस जगात एकच होतं माझं.

त्यापुढे कॅमेरा खाली वळतो, फरशी दिसते, माझा अंगठा दिसतो, आणि आतून मेहुणी कर्कश आवाजात ओरडते, "घ्या! विसरले मी! आता पहिल्यापासून कोण मोजणार? तुम्ही?" मिक्सरमध्ये काहीतरी वाट्या मोजून घालत असणार. मेहुणी मोजण्याच्या बाबतीत पहिल्यापासून कच्ची. कॅसेट तिथे संपते.

आता तफावतीकडे येतो. ती शेवटची कॅसेट मी दुकानात दिली. त्यांनी दिलेल्या पहिल्या फाईलमध्ये आवाज चित्राच्या मागे होता. मुलगी दार आपटते, दार बंद होतं, मुलगी निघून जाते, आणि मग धाडकन आवाज येतो. मी स्टॉपवॉच लावलं. सव्वा सेकंद. किलोला सव्वा ग्रॅम असती तर मी सोडून दिली असती, कारण तराजूला थोडी तफावत नियमानेच माफ असते. पण सेकंदाला सव्वा सेकंद म्हणजे माल कमी आणि टोपली जास्त. मी दुकानात गेलो.

दुकानाला तक्रारीच्या दोन खिडक्या होत्या. एकीवर 'चित्र', दुसरीवर 'आवाज'. मी आधी चित्राच्या खिडकीवर गेलो. तिथल्या गृहस्थांनी आवाज बंद करून फाईल पाहिली.

"चित्र उत्तम आहे काका."

"चित्र उत्तमच आहे. आवाज मागून येतो."

"मग आवाजाच्या खिडकीवर जा."

आवाजाच्या खिडकीतल्या बाईंनी कानाला हेडफोन लावले, डोळे मिटले आणि ऐकलं. "आवाज स्वच्छ आहे."

"स्वच्छ आहे हो, पण चित्राच्या मागे आहे."

"आवाज मागे आहे की चित्र पुढे आहे?" बाईंनी डोळे उघडले. "चित्र पुढे असेल तर ती तक्रार त्यांच्याकडे."

"तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही का?"

"बोलतो की. डबे एकत्रच खातो. तक्रारी वेगळ्या."

फॉर्मवर 'तक्रारीचे स्वरूप' असा रकाना होता आणि खाली दोन चौकोन. कंसात लिहिलं होतं, एकावरच खूण करावी. मी दोन्ही चौकोनांच्या बरोबर मधोमध खूण केली. सरकारी नोकरीत माणूस काही शिकतच नाही असं म्हणणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं. तो फॉर्म दोन्ही खिडक्यांत फिरला, कोणाचाच ठरेना, शेवटी मालकाकडे गेला आणि दोन दिवसांत दुसरी फाईल आली. दार बंद झालं आणि त्याच क्षणी धाडकन झालं. मी समाधानाने मान हलवली आणि हिच्या प्रसंगापर्यंत पुढे गेलो.

ही अजून चुकत होती. ओठ आधी हलत होते, 'अहो' मागून येत होतं.

इथे माझ्याकडून पहिली चूक झाली. मी ही गोष्ट वरच्या मजल्यावरच्या इंजिनियरांना सांगितली. इंजिनियरांनी आयुष्यभर पूल बांधले. निवृत्तीनंतर बांधायला पूल उरले नाहीत, म्हणून ते शेजाऱ्यांच्या अडचणींवर बसले आहेत. ते लॅपटॉप घेऊन खाली आले, सोबत त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनीही आल्या.

"दार बरोबर आहे," इंजिनियर म्हणाले.

"दार असेल. ही चुकते."

"आवाज एकच आहे ना सगळ्यांचा? मग दार बरोबर आणि तुमच्या सौभाग्यवती चूक, असं कसं होईल?"

"दार चुकत असेल," मी म्हणालो. बत्तीस वर्षांच्या संसारात ही चुकली असं मी तिच्या तोंडावर कधी म्हटलं नव्हतं. एका दाराच्या सांगण्यावरून आता कसं म्हणणार?

इंजिनियरांनी मला आवाज मागेपुढे करण्याचं बटण दाखवलं. एकदा दाबलं की सेकंदाचा विसावा भाग सरकतो. मी एक वही घातली. तपासणी क्रमांक, तारीख, किती दाबलं, ओठांचा निष्कर्ष, दाराचा निष्कर्ष, शेरा. आवाज अलीकडे ओढून 'अहो' ओठांवर बसवलं, तर 'बॅटरी'च्या वेळी ओठ भलतंच काही करत. 'बॅटरी' बसवली की 'अहो' उघडं पडे. आखूड पांघरुणासारखं झालं. डोकं झाकावं तर पाय बाहेर.

"म्हणजे चित्राचा वेगच चुकलाय," इंजिनियर म्हणाले. "सेकंदाला पंचवीस चित्रं हवीत, तिथे तीस धरली असतील."

"भाऊजी, मी सांगू?" वहिनी म्हणाल्या. "बायकोचं बोलणं नवऱ्याला उशिराच ऐकू येतं. यांना तर मी सकाळी बोलले की संध्याकाळी कळतं. तुमची मशीन बरोबर असेल."

इंजिनियरांनी हे ऐकलं नाही.

एकविसाव्या तपासणीच्या सुमारास समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई यात पडल्या. माझ्या दारातून दिवसभर 'अहो… पुरे झालं आता' ऐकू येत असल्यामुळे त्यांचे रुग्ण तोंड उघडायला कचरत होते, अशी त्यांची मूळ तक्रार होती. पण हकिगत ऐकल्यावर त्या विरघळल्या आणि त्यांनी एक शास्त्रीय मुद्दा मांडला.

"काका, ओठ मिटल्याशिवाय 'प' निघत नाही आणि 'ब'ही निघत नाही. काकूंचे ओठ कुठे मिटतात ते शोधा. तिथे 'पुरे' आणि 'बॅटरी' बसवा. बस."

मुद्दा बिनतोड होता. आम्ही चौघं लॅपटॉपसमोर बसलो. डॉक्टरीणबाईंनी 'पुरे' म्हणून दाखवलं, वहिनींनी 'बॅटरी' म्हणून दाखवलं, इंजिनियर हातात आरसा धरून स्वतःचेच ओठ बघत 'पुरे, बॅटरी, पुरे, बॅटरी' करू लागले. त्या वेळी वीज मंडळाचा माणूस मीटर बघायला आला होता. त्याने दारातून आत पाहिलं, आणि मीटर न बघताच तो निघून गेला. पुढचं बिल अंदाजाने आलं.

हिचे ओठ मिटत होते. पण नको तिथे मिटत होते. एकदा, दोनदा, चारदा, ओळीने, एका लयीत. 'पुरे झालं आता, बॅटरी संपेल' या वाक्यात ओठ तीनदाच मिटायला हवेत. डॉक्टरीणबाईंनी ते बोटांवर मोजून दाखवलं.

"काकू तोतऱ्या बोलायच्या का हो?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना चहा दिला, पण साखर कमी घातली.

शेवटी इंजिनियरांनी मोठं काम हाती घेतलं. त्यांनी चित्राचा वेग कमी केला, आवाज दोन ठिकाणी कापून ताणला, आणि चार दिवस खपून ओठ बऱ्यापैकी जुळवले. ही आता पाण्याखाली बसून विणल्यासारखी दिसत होती. दार बंद झाल्यावर दोन सेकंदांनी वाजत होतं. मी दाराकडे दुर्लक्ष करायला शिकलो होतो.

"अजून काही?" इंजिनियरांनी विचारलं.

"शेवटी मेहुणी ओरडते ना, तेवढं काढून टाका," मी म्हणालो. "हिच्या गोड बोलण्यानंतर ते कानाला टोचतं. मुलीला उगीच कशाला."

त्यांनी ते काढलं आणि त्याच फाईलवर जतन केलं. मी वहीत लिहिलं: तपासणी क्र. ६३. माल योग्य. खाली सही केली.

हा शुक्रवार होता. रविवारी मुलगी येणार होती. शनिवारी सकाळी मेहुणी घर आवरायला आली, कारण तिच्या मते मी एकटा राहायला लागल्यापासून आमच्या घरात पाहुणा उतरवणं हा गुन्हा आहे. ती जिना चढत असताना मी शेवटची उजळणी करत होतो. ती दारात आली आणि तिथेच थांबली.

"भाऊजी, माझा आवाज कशाला वाजवताय?"

"तुझा नाही. हा हिचा."

"हा? अहो, हा माझा आहे. मी मिक्सर लावला होता तेव्हा. 'अहो भाऊजी, पुरे झालं आता, बॅटरी संपेल.' तुम्ही तासभर ताईच्या तोंडासमोर तो डबा धरून उभे होतात."

"यात 'भाऊजी' कुठे आहे?"

"मिक्सरने खाल्लं."

मी पुन्हा लावलं. 'अहो', घरघर, 'पुरे झालं आता'. घरघरीमध्ये एक शब्द बसेल एवढी जागा होती. अठ्ठावीस दिवस मी ती जागा रोज ऐकत होतो.

"पण हिचे ओठ हलताहेत," मी म्हणालो. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

मेहुणी खुर्ची ओढून जवळ बसली. तिने चष्मा लावला आणि ती पडद्याकडे वाकली. "टाके मोजतेय ती," ती हळूच म्हणाली. "मनातल्या मनात. नेहमी असे ओठ हलवायची. काय हो हे, पाण्यात बसवलंत का माझ्या बहिणीला?"

म्हणजे या कॅसेटमध्येही ही गप्पच होती. अकरा कॅसेटींत कुठेच नव्हती. मुलीला मी काय ऐकवणार होतो? मी वही मिटली. बत्तीस वर्षं एका घरात राहून मला तिचा आवाज ओळखता आला नाही, आणि वर मुलीला छाती ठोकून सांगितलं होतं, मला स्पष्ट येतो. एखाद्या दुकानात मी खोटं माप असं उचलून धरलं असतं तर खात्याने मला घरी बसवलं असतं.

"आणि ताई ओरडते ते कुठे गेलं?" मेहुणी म्हणाली.

"कोण ओरडतं?"

"मी पुरे म्हणाले, ताईची मोजणी चुकली आणि ती तुमच्यावर डाफरली. 'घ्या, विसरले मी.' मला आठवतंय ना, मी आत हसले होते."

"ती तू होतीस."

"मी?" मेहुणी ताठ झाली. "मी तुमच्यावर आवाज चढवीन? भाऊजी, अहो, ताई तशीच बोलायची. जन्मभर. चाळीस पावलांवरून ऐकू यायची. तुम्ही विसरलात?"

विसरलो होतो. आजारपणाच्या शेवटच्या आठ महिन्यांत ही फार हळू बोलायची. पाणी मागायची तेही असं, की जवळ वाकून ऐकावं लागायचं. माझ्या कानात तोच आवाज राहिला होता. मेहुणीचा आवाज बारीक आणि मऊ. तो ऐकला आणि मला वाटलं, हीच. खरा आवाज मी कर्कश म्हणून कापून टाकायला सांगितला होता.

आम्ही वर धावलो. इंजिनियरांनी फाईल पाहिली, डोकं खाजवलं आणि पुलाचा खांब खचल्यासारखा चेहरा केला. त्याच फाईलवर जतन केल्यामुळे जुनं काही उरलं नव्हतं, आणि पहिली फाईल मी तक्रारीबरोबर दुकानात परत केली होती. मूळ कॅसेट होती, पण माझा कॅसेटवाला प्लेयर अकरा कॅसेटी पाहून झाल्यावर फीत खायला लागला होता, त्यात ती घालायची कोणाची हिंमत नव्हती, आणि दुकानात नव्याने दिली तर पुन्हा दोन दिवस. दुकानात मात्र प्रत्येक फाईलची एक प्रत तीस दिवस ठेवतात. दुसरी फाईल मिळून अठ्ठावीस दिवस झाले होते. दुकान शनिवारी दुपारी एकला बंद होतं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी, मेहुणी आणि इंजिनियर रिक्षाने गेलो. वहिनी म्हणाल्या, मी येत नाही, पण मशीन बरोबर आहे असं मी आधीच म्हटलं होतं, एवढं मात्र लक्षात ठेवा.

चित्राच्या खिडकीतल्या गृहस्थांनी मला ओळखलं आणि न बोलता फॉर्म पुढे केला.

"तक्रार नाही," मी म्हणालो. "तुम्ही दिलेली दुसरी फाईल बरोबर होती. ती परत हवी."

"बरोबर होती?"

"हो."

"मग तक्रार काय?"

"बरोबर होती, हीच."

गृहस्थांनी फॉर्म उलटसुलट केला. बरोबर असल्याचा रकाना त्यात नव्हता. ते उठून आवाजाच्या खिडकीत गेले. दोघांनी कुजबुज केली. मग बाई आल्या. "काका, चित्र बरोबर होतं की आवाज?"

"दोन्ही. एकाच वेळी."

असं कोणी त्यांना आजवर सांगितलं नसावं. बाई जरा लाजल्या. गृहस्थांनी मागे वळून कपाट उघडलं. फॉर्मवर त्यांनी स्वतःच दोन्ही चौकोनांत खुणा केल्या आणि खाली मला सही करायला लावली. एक वाजायला सहा मिनिटं होती.

घरी येऊन लावलं. दार बंद झालं तेव्हाच वाजलं. ही साध्या वेगाने विणत होती, ओठांनी मोजत होती. 'अहो', घरघर, 'पुरे झालं आता'. हिने झटकन मान वर केली. एवढं मी कधी पाहिलंच नव्हतं, मी तिच्या ओठांत अडकलो होतो. तिचं तोंड उघडलं, कॅमेरा खाली गेला, आणि फरशीवरून, माझ्या अंगठ्यावरून, तो आवाज आला. इंजिनियर दारात उभे होते, ते नकळत एक पाऊल मागे सरले.

रविवारी मुलगी आली. तिने प्रवासाची बॅग खुर्चीवर टाकली, ओढणी टेबलावर टाकली आणि हातपाय न धुताच म्हणाली, "आधी ते लावा."

मी काही सांगितलं नाही. मेहुणीलाही सांगू नकोस म्हटलं होतं. ती तोंडावर हात ठेवून बसली होती.

'पुरे झालं आता' आलं तशी मुलगी म्हणाली, "ही मावशी." मानसुद्धा हलवली नाही. तिला एक सेकंदही लागला नाही. मी माझ्या वहीकडे बघितलं नाही.

मग फरशी आली.

"घ्या! विसरले मी! आता पहिल्यापासून कोण मोजणार? तुम्ही?"

 चित्र संपलं, पडदा निळा झाला, तरी मुलगी तिकडेच बघत होती. मग ती उठली. खुर्चीवरची बॅग उचलून तिने आतल्या खोलीत नेऊन ठेवली. टेबलावरची ओढणी घडी करून खुंटीला लावली. हातपाय धुतल्याचा आवाज आला. मग ती येऊन खुर्चीत ताठ बसली.

"हं," ती म्हणाली, "आता लावा परत."